सामान चोरीला गेलं तर हाक कशी मारायची? उज्जैनच्या कोळ्यापासून कुलाब्याच्या मच्छीमार नगरापर्यंत



आपल्या ग्रुपांवर थोड्या थोड्या दिवसांनी एक मेसेज येतोच. "रात्री होडीवरचं इंजिन गेलं, पुढे पाठवा." नाहीतर "धरणात लावलेली जाळी सकाळी जागेवर नाहीत, कुणाला दिसली तर कळवा." खाली पन्नास जण हात जोडल्याचं चित्र टाकतात, कुणी लिहितं "वाईट झालं भाऊ", आणि दुसऱ्या दिवशी तो मेसेज वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. इंजिन काही परत येत नाही. हाक मारणाऱ्याची यात चूक नसते. घाबरलेला माणूस सुचेल तसं लिहितो. पण कशी हाक मारली तर उपयोग होतो आणि ऐकणाऱ्याने काय करायचं, हे एकदा नीट बोलायला हवं. म्हणून आजचा लेख थोडा मोठा आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात उज्जैनपासून करू. उजनी नाही हो, उज्जैन! इंदापूर-करमाळ्याकडचे आपले भोई बांधव नाव ऐकून आधी उजनी धरणाचंच पाणी डोळ्यांपुढे आणतील. आपण बोलतोय मध्य प्रदेशातल्या क्षिप्राकाठच्या उज्जैनबद्दल. मराठी माणसाला हे गाव परकं नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी बस्तान ग्वाल्हेरला हलवलं, तोवर शिंद्यांची राजधानी इथेच होती. महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी, आणि गोपाळ मंदिर बांधलं बायजाबाई शिंद्यांनी. तिकडे ज्यांना कहार, केवट, मांझी म्हणतात ती आपल्याकडच्या भोयांसारखीच नदीवर जगणारी माणसं. पाण्यात होडी, हातात जाळं. पूर्वी कहार आणि भोई दोघांच्याही खांद्यावर पालखीचा दांडा होता.

आता याच उज्जैनशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या कालिदासाची गोष्ट. तिथे १९५८ पासून दर कार्तिकी एकादशीला कालिदास समारोह सुरू होतो. 'शाकुंतल' आपल्याला दुष्यंत-शकुंतलेची प्रेमकथा म्हणून माहीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं केलं आणि तिथून मराठी संगीत रंगभूमीचा मोठा रस्ता सुरू झाला, हेही आपण शाळेत वाचलेलं. पण त्या मूळ नाटकात सहाव्या अंकाच्या सुरुवातीला एक कोळी येतो, त्याची आठवण फार लोक काढत नाहीत. आपण काढायला हवी.

झालं असं. शकुंतलेच्या बोटातली राजाची अंगठी पाण्यात पडते. ती एक रोहू गिळतो. कोळ्याच्या जाळ्यात तो रोहू सापडतो, चिरताना पोटातून अंगठी निघते. बिचारा ती बाजारात विकायला दाखवतो आणि दोन शिपाई त्याचे हात मागे बांधून त्याला नगरातल्या अधिकाऱ्यापुढे ओढत नेतात. त्या शिपायांची नावंसुद्धा कालिदासाने दिली आहेत, सूचक आणि जानुक. कोळी सांगतोय की मासा कापताना सापडली, तर ते त्याच्या धंद्याची टर उडवतात, अंगाला येणाऱ्या वासावरून बोलतात. एकाचे तर त्याला मारायला हात शिवशिवत असतात. कोळी मात्र आपल्या कामाची लाज बाळगत नाही. बापजाद्यांपासून चालत आलेला धंदा लोकांनी नावं ठेवली म्हणून सोडायचा नसतो, असं तो सरळ तोंडावर सांगतो. राजाला अंगठी ओळखू येते, कोळी सुटतो, वर अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस मिळतं. त्यातलं अर्धं तो त्याच शिपायांना देऊन टाकतो आणि मग सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे जातात! दीड हजार वर्षांहून जुनी गोष्ट, पण चौकीवर जाऊन आलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल.

या गोष्टीत मौल्यवान वस्तू कोळ्याच्या हातात दिसली म्हणून तो चोर ठरला. आपल्या आजच्या विषयात उलटं आहे. वस्तू कोळ्याची आहे आणि तीच चोरीला गेली आहे. पण अडचण एकच. त्याचा शब्द पुरेसा धरला जात नाही. "जाळं तुमचंच कशावरून?" हा पहिला प्रश्न येतो. त्याचं उत्तर आधीपासून घरात तयार असलं तरच पुढचं सगळं सोपं होतं. ते कसं, हे खाली येतंय.

आधी चोरीला काय काय जातं ते बघू, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की मच्छीमाराचं सामान म्हणजे एक जाळं. होडीच्या मागे लावायचं इंजिन जातं. चार बोल्ट काढले की दोन माणसं उचलून नेतात आणि नवं घ्यायला लाखाच्या पुढे मोजावे लागतात. बॅटरी जाते, जीपीएस जातं, वायरलेस सेट जातो, डिझेलचे कॅन जातात. पितळी पंखा जातो, कारण भंगारात त्याला वजनावर भाव आहे. जाळ्याचं शिसं वितळवून विकतात, म्हणजे शिशासाठी अख्खं जाळं फाडलं जातं. विकणाऱ्या बायकांचा वजनकाटा, बर्फाची पेटी, कोयता, हेसुद्धा कामाचंच सामान. "बाजारातून काटा गेला" अशी तक्रार कुणी लिहायला घेत नाही, पण त्या घराची दुसऱ्या दिवशीची कमाई त्या काट्यावर होती.

आणि जाळं म्हणजे नुसता नायलॉन नव्हे. विकत आणलेल्या तुकड्याला दोर भरायचे, बोये लावायचे, शिसं ओवायचं, आकार द्यायचा, यात घरातल्या चार माणसांचे कित्येक दिवस जातात. पावतीवर फक्त नायलॉनचा भाव असतो. म्हणून तक्रारीत किंमत लिहिताना दोर, बोये, शिसं आणि मजुरी वेगळी वेगळी मांडा. हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

चोरी कधी होते तेही पाहा. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै बंदी. बोटी वर ओढलेल्या, इंजिनं उतरवून शेडमध्ये, खलाशी गावाला गेलेले. मध्य प्रदेशात नदी-तलावात १६ जून ते १५ ऑगस्ट बंदी असते. तेव्हा उज्जैनकडचा माणूसही जाळी घरी आणून सांधत बसलेला असतो. दोन्हीकडे सामान एका जागी पडून, राखणीला माणूस नाही, हाच चोराचा हंगाम. आणि नुकसान कळतं कधी? तर बंदी उठायच्या आदल्या दिवशी, सामान बाहेर काढताना. तोवर चोरी नेमकी कोणत्या रात्री झाली हेच सांगता येत नाही. बंदीच्या काळात आठवड्यातून एकदा शेड उघडून सामान मोजा आणि मोजलेल्या तारखेची वहीत नोंद ठेवा. चोरी उघड झाली तर निदान "या रविवारपासून त्या रविवारपर्यंत" असं ठाम सांगता येईल.

गोड्या पाण्यातल्या बांधवांची अडचण आणखी वेगळी. समुद्रावरच्या बोटीला नोंदणी नंबर असतो, कागद असतात. उज्जैनला पिण्याचं पाणी देणारं गंभीर धरण घ्या, नाहीतर आपल्याकडचं कुठलंही धरण. तिथल्या लहान होडीला, डोंगीला बहुतेक वेळा कसलाच नंबर नसतो. जाळं संध्याकाळी पाण्यात सोडून सकाळी उचलायचं, म्हणजे रात्रभर ते बेवारसच. वर कुणी म्हणतं, पाणी सोडलं तेव्हा वाहून गेलं असेल. तेही खरं असू शकतं. म्हणून ओरड करण्याआधी एक फेरी मारा. दरवाजे उघडले होते का? वारा कुठला होता? दोर कापलेला आहे की झिजून तुटला आहे? सुरीने कापलेला दोर सरळ दिसतो, तुटलेल्याचे धागे विस्कटलेले असतात. उरलेल्या टोकाचा फोटो काढा आणि ते टोक जपून ठेवा. समुद्रावर हाच प्रश्न मोठ्या बोटींमुळे येतो. ट्रॉलर जाळ्यावरून गेला तर ते नुकसान आहे, चोरी नव्हे, आणि त्याची तक्रार वेगळी. कासव किंवा डॉल्फिन अडकला म्हणून आपणच जाळं कापलं असेल तर तिसराच मार्ग. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी कापलेल्या जाळ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, फक्त सोडल्याचा पुरावा, म्हणजे फोटो किंवा व्हिडिओ, हवा. तीन गोष्टी एकात मिसळल्या की तिन्ही दारं बंद होतात.

चोरीच आहे अशी खात्री झाली तर पहिलं काम पोलिसांकडे. मग ग्रुपवर. बरेच जण उलटं करतात आणि दोन दिवस ग्रुपवर वाट बघण्यात घालवतात.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. चोरीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३०३, आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून विकत घेणाऱ्याला ३१७. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भंगारवाल्याशी बोलताना हे दुसरं कलम लक्षात असू द्या, धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून. तक्रार कशी द्यायची ते नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. कुठल्याही ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवायचं नाही, घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवायची. खाडीच्या तोंडावर, धरणाच्या दोन तालुक्यांच्या मध्ये, अशा जागी आपल्याला नेमकं हेच ऐकवलं जातं, म्हणून लक्षात ठेवा. मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरून पाठवली तरी चालते, पण मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आपण समुद्रात असलो आणि तीन दिवस उलटले तर ती नोंद होत नाही. म्हणून सहीचं काम आधी उरका, मग बोट काढा. एफआयआरची नक्कल फुकट मिळते. मागून घ्या. ठाण्याने नोंदवायलाच नकार दिला तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं, असंही आता कायद्यात लिहिलं आहे.

साध्या कागदावर "अर्ज दिला" आणि शिक्का मारून घेतला, एवढ्यावर समाधान मानू नका. अर्ज आणि एफआयआर वेगळे. बोटीचा विमा असेल आणि त्यात चोरी धरलेली असेल तर कंपनी एफआयआरच मागते. इथे आणखी एक गैरसमज. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखालचा गट अपघात विमा माणसासाठी आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख. जाळ्या-इंजिनाशी त्याचा संबंध नाही. बोटीचा विमा वेगळा काढावा लागतो, आणि काढताना "चोरी यात आहे का?" हे एजंटला तोंडी नव्हे, कागदावर दाखवायला सांगा.

आता नंबराची गोष्ट. ही मन लावून वाचा.

नोव्हेंबर २००८. पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारीची बोट भर समुद्रात बळकावली गेली. तिच्यावरचे पाचही जण मारले गेले. त्याच चोरलेल्या बोटीतून दहा अतिरेकी मुंबईजवळ आले आणि २६ तारखेच्या संध्याकाळी रबरी होडीने कुलाब्याला बधवार पार्कसमोरच्या मच्छीमार नगरात उतरले. वस्तीतल्या माणसांनी त्यांना हटकलं. अनोळखी होडी, अनोळखी पोरं, पाठीला पिशव्या, हे पहिल्यांदा खटकलं ते कोळ्यांनाच. पुढे जे झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. आपल्या विषयाचा भाग त्या रबरी होडीच्या इंजिनात आहे. ते यामाहाचं होतं आणि त्यावरचा नंबर खरवडून काढलेला होता. तरी तपास करणाऱ्यांनी तो नंबर वाचला, कंपनीच्या नोंदी तपासल्या, आणि ते इंजिन जपानहून पाकिस्तानात पाठवलं गेलं होतं हे कोर्टात पुराव्यानिशी मांडलं.

म्हणजे खरवडलेला नंबरही बोलतो. पण केव्हा? मूळ नंबर कुठेतरी लिहिलेला असेल तेव्हा. आपल्यापैकी किती जणांना आपल्या इंजिनाचा नंबर आत्ता सांगता येईल? आज घरी गेल्यावर इंजिनावरची पट्टी पुसून तिचा फोटो काढा. जीपीएस आणि वायरलेसच्या मागचाही काढा. तो स्वतःला, बायकोला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवा, म्हणजे फोन हरवला तरी फोटो राहतो. पावती सापडत नसेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत मागा. ज्या वस्तूला नंबरच नाही तिला आपली खूण करा. जाळ्याच्या वरच्या दोराला ठराविक अंतरावर ठराविक रंगाचा धागा, बोयांवर डागून उठवलेली अक्षरं, डोंगीच्या आतल्या बाजूला, वरून रंग दिला तरी हाताला लागेल असं कोरलेलं नाव. उघड दिसणारी एक खूण आणि फक्त घरच्यांना माहीत असलेली दुसरी. दुसरी खूण कुणालाही सांगू नका. "तुमचंच कशावरून?" या प्रश्नाचं उत्तर तीच आहे.

आता हाक. मेसेज लिहिताना रडगाणं कमी आणि माहिती जास्त हवी. वाचणारा बंदरावर उभा असतो, उन्हात, एका हातात फोन. त्याला चार ओळींत कळलं पाहिजे की काय शोधायचं. नमुना म्हणून असा:

"मदत हवी. मंगळवारी रात्री १० ते बुधवारी पहाटे ४ च्या दरम्यान जेट्टीच्या उत्तर टोकाला बांधलेल्या होडीवरून इंजिन चोरीला गेलं. रंग करडा, झाकणावर डाव्या बाजूला लांब ओरखडा, हँडलला निळा दोर गुंडाळलेला. नंबरचे पहिले तीन आकडे अमुक. पोलीस तक्रार झाली आहे. कुणी विकायला आणलं, दुरुस्तीला आलं किंवा दुसऱ्या होडीवर दिसलं तर हात लावू नका, फोटो काढा आणि या नंबरवर किंवा सोसायटीच्या ऑफिसात कळवा. मेसेज टाकल्याची तारीख अमुक."

पूर्ण नंबर मुद्दाम दिलेला नाही. "सापडलंय" म्हणून फोन आला की उरलेले आकडे त्याला विचारायचे. खरंच समोर असेल तर तो वाचून दाखवेल. कारण हाक मारली की मदत करणाऱ्यांबरोबर लुबाडणारेही जागे होतात. "तुमचं इंजिन माझ्याकडे टेम्पोत आहे, आधी भाड्याचे पैसे पाठवा." ज्याचं लाखाचं गेलंय तो दोन-तीन हजार पटकन पाठवून देतो. पैसे पाठवू नका. पाठवले गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. त्या ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

मेसेजवर तारीख टाका, ही गोष्ट क्षुल्लक वाटते पण फार कामाची. तारीख नसलेला मेसेज वर्षभर फिरत राहतो. सामान मिळालं तर "मिळालं, धन्यवाद" असा दुसरा मेसेज तितक्याच सगळ्या ग्रुपांवर टाका. नाहीतर आपलंच इंजिन परत घेऊन जाताना आपल्यालाच कुणीतरी अडवायचं!

मेसेज कुठे पाठवायचा यालाही डोकं लागतं. पाचशे नातेवाइकांपेक्षा पाच माणसं महत्त्वाची. इंजिन दुरुस्त करणारा, जाळ्यांचा दुकानदार, बर्फाच्या कारखान्यावरचा मुकादम, डिझेल पंपावरचा पोरगा आणि भंगारवाला. चोरलेलं इंजिन कधी ना कधी यांच्यापैकी एकासमोर येतं. शेजारच्या बंदरांच्या सोसायट्या, पलीकडच्या तालुक्यातली मच्छीमार संस्था, यांना सेक्रेटरीने सहीनिशी कळवावं. उज्जैनसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी घरांनी मेसेज हिंदीतही लिहावा आणि तिथल्या मछुआ सहकारी समितीकडे द्यावा, कारण नदीकाठी रोज उभा असणारा माणूस तिथलाच. समुद्रावर अनोळखी होडी किंवा संशयास्पद हालचाल दिसली तर सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन नंबर केबिनमध्ये लिहून ठेवा.

नाशिकला २०२७ मध्ये आणि उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. २०१६ साली उज्जैनला महिनाभर क्षिप्रेचे घाट माणसांनी फुलले होते. अशा वेळी रामघाटावर होड्या वाढतात, नवी माणसं धंद्याला येतात, गर्दीत कुणाची होडी कोणती हेही कळेनासं होतं. ज्या भोई-कहार बांधवांच्या होड्या त्या काळात नदीवर असतील त्यांनी नंबर आणि फोटोचं काम आत्ताच उरकून घ्यावं.

आता जे लिहितोय ते आवडणार नाही काहींना, पण लिहिणं भाग आहे. मेसेजमध्ये संशयिताचं नाव, फोटो, जात, गाव टाकू नका. "अमुक वस्तीतल्या लोकांचंच काम आहे" असं तर अजिबात नाही. संशय असेल तर तो एफआयआर देताना पोलिसांना सांगा, तिथे त्याची जागा आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी ती माणसं गेली. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. तिथेही चोर फिरतायत अशीच अफवा होती. पालघर म्हणजे आपलाच किनारा, वरचा डोंगर एवढंच. रात्री राखण घालणाऱ्या पोरांच्या हातात काठी आणि डोक्यात असा मेसेज असेल तर इंजिन बाजूला राहतं आणि घरातला मुलगा तुरुंगात जातो.

आणि संशय नेहमी खालच्याच माणसावर जातो. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कंजर, सांसी त्यात होते. उज्जैनच्या माळव्यात आणि आपल्या महाराष्ट्रातही ही माणसं आहेत. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की बोट अजून तिकडेच वळतं. कालिदासाच्या त्या कोळ्याचे हात अशाच नजरेने बांधले गेले होते. आपण तीच नजर दुसऱ्याकडे वळवू नये.

समजा, सामान सापडलं. आनंद झाला, पण ते पोलीस ठाण्यात जप्त म्हणून पडतं. खाऱ्या पाण्याचं इंजिन धुतल्या-पुसल्याशिवाय महिनाभर पडलं की गंजतं, जाळं उंदीर कुरतडतात. यावर सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २००२ ला सुंदरभाई अंबालाल देसाई या खटल्यात सांगितलं आहे की जप्त माल ठाण्यात पंधरा दिवस ते महिनाभराहून जास्त ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन मालकाला द्यावा. नव्या कायद्यातही, कलम ४९७ मध्ये, माल कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याचं वर्णन आणि फोटो-व्हिडिओ, आणि पुढच्या तीस दिवसांत त्याचं काय करायचं याचा आदेश, अशी मुदत दिली आहे. याला सुपूर्दनामा म्हणतात. कोर्टात अर्ज आपण करायचा असतो, आपोआप काही होत नाही. सोबत पावती, नंबरचा फोटो आणि सोसायटीचा दाखला जोडा. वकील परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. ज्याचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेखाली आहे त्याला, आणि बायकांना तर उत्पन्न न बघता, तिथे फुकट वकील मिळतो. होडी घरधनिणीच्या नावावर असेल तर अर्ज तिच्या नावाने जाईल, हेही ध्यानात घ्या.

राहिली ती माणसं ज्यांचं सामान सापडलंच नाही. आणि असे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी "पुढे पाठवा" म्हणण्यापलीकडे समाजाने काय करायचं? पैशाची वर्गणी ही एक गोष्ट झाली. ती काढायची तर सोसायटीच्या खात्यात, पावती फाडून, आणि किती जमले ते फळ्यावर लिहून. कुणाच्या खाजगी नंबरवर पैसे मागवले की पुढे भांडणं होतात. पण वर्गणी जमायला वेळ लागतो आणि हंगाम थांबत नाही. त्याहून लवकर होणारी मदत आपल्या घरातच पडलेली असते. जुनं, फाटलेलं पण सांधता येईल असं जाळं जवळपास प्रत्येकाच्या माळ्यावर आहे. चार घरांतून चार तुकडे आले आणि दोन दिवस बसून सांधले तर एक होडी पाण्यात जाते. हंगाम संपल्यावर जाळं ज्याचं त्याला परत, हे आधीच बोलून घ्यायचं. होडीच गेली असेल तर त्या नाखव्याला दुसऱ्याने आपल्या बोटीवर घ्यावं, खलाशी म्हणून नव्हे, वाट्यावर. फरक मोठा आहे. कालपर्यंत मालक असलेल्या माणसाला मजुरीला लावलं तर तो येत नाही, घरी बसून राहतो. वाट्यावर बोलावलं तर येतो. बाजारात काटा गेलेल्या बाईला शेजारणीने आपल्या काट्यावर वजन करू द्यावं. हे आपल्या बायका न सांगता करतात, त्यांना शिकवायची गरज नाही.

सोसायटीनेही थोडं हलावं. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मिळतं. ज्यांचं कार्ड नाही त्यांची नावं काढून बँकेत एकत्र अर्ज द्या, म्हणजे पुढच्या वेळी जाळं घ्यायला सावकाराच्या दारात जायला लागणार नाही. ऑफिसात एक वही ठेवा, सामानाची. प्रत्येक सभासदाचं एक पान, त्यावर इंजिनाचा नंबर, जाळ्यांची संख्या, उघड खूण, फोटो चिकटवलेला, खाली सभासदाची आणि सेक्रेटरीची सही आणि तारीख. घरची गुप्त खूण त्यात लिहायची नाही. कोर्टात सुपूर्दनाम्याच्या अर्जाला जो दाखला जोडायचा तो याच पानावरून निघतो. वही जाड घ्या, पानं शिवलेली असू द्या, सुट्टी पानं कुणी मानत नाही. आणि जून लागायच्या आत, बोटी वर ओढायच्या आधी, प्रत्येकाने आपलं पान भरून सही करून जावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातल्या शाळकरी पोरांना बसवा, फोटो काढण्यात तीच आपल्यापेक्षा तयार आहेत.